तुरुंगातील बांधवाच्या नावाने



ऑगस्टचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा तुरुंग सेवाकार्याचा रविवार म्हणून पाळते. 14 ऑगस्टला या सेवेचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण येतो. 1941 साली आऊशविट्झच्या छळछावणीत बायकामुलांच्या आठवणीने रडणाऱ्या एका कैद्याच्या जागी त्यांनी स्वतः मरण पत्करले. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय आपल्याला पाठ आहे. न्यायाच्या दिवशी प्रभू स्वतःला कैद्यांमध्ये मोजणार आहे आणि आपण त्याच्या भेटीला गेलो की नाही, हे विचारणार आहे.

पण हाच अध्याय तोंडी घेऊन काही वेळा भलतेच लोक आपल्या दारी येतात. हातात पावतीपुस्तक असते, त्यावर गजाआडच्या माणसाचे चित्र असते. निरपराध कैद्यांना सोडवायचे आहे, वकिलाची फी भरायची आहे, असे सांगितले जाते. अलीकडे तर मोबाईलवर एक फोटो आणि पैसे भरण्याचा क्यूआर कोड येतो. आपले मन द्रवते, आपण देतो. पैसे कोणत्या तुरुंगात, कोणत्या कैद्यापर्यंत पोहोचले, हे विचारायला मात्र आपण कचरतो. दान दिल्यावर हिशेब कसला मागायचा, असे आपल्याला वाटते.

पवित्र शास्त्र काय शिकवते ते पाहू या. बेथानी येथे मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा गरिबांची आठवण कोणाला झाली? यहूदा इस्कार्योतला. हे तेल तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना का दिले नाही, असे तो म्हणाला. योहान मात्र स्पष्ट सांगतो की, त्याला गरिबांची पर्वा नव्हती. पैशांची थैली त्याच्याकडे असे आणि तो तीतले पैसे चोरी. गरिबांच्या नावाने गोड बोलून गरिबांनाच लुबाडणारा माणूस प्रत्यक्ष बारा प्रेषितांमध्ये होता.

आता प्रेषित पौलाकडे पाहा. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना तो सारी रक्कम एकट्याच्या हाती ठेवत नाही. तीताबरोबर तो ख्रिस्तमंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठवतो. या देणगीवरून कोणी बोट दाखवू नये, आपला व्यवहार देवासमोर आणि माणसांसमोरही चोख असावा, असे तो करिंथकरांना कळवतो. पुढे पौल स्वतः कैदेत असताना फिलिप्पैच्या मंडळीने मदत पाठवली, तीही ओळखीच्या माणसाच्या हाती, एपफ्रदीताच्या हाती. आणि कैदी पौलाने सर्व काही मिळाल्याचे पत्रातून कळवले. ही पोचपावतीच नव्हे काय?

ही दक्षता का हवी, हे दुसऱ्या शतकातील एका लेखनावरून कळते. ल्युसियन नावाच्या बिगर-ख्रिस्ती लेखकाने पेरेग्रिनस या लबाड माणसाची हकिकत लिहिली आहे. तो ख्रिस्ती लोकांत मिसळला आणि तुरुंगात पडला. त्याच्यासाठी विधवा आणि अनाथ मुले पहाटेपासून तुरुंगाबाहेर थांबत, आत जेवण जाई, दूरदूरच्या शहरांतून मदत येई. पेरेग्रिनसने त्यातून बराच पैसा केला. कोणीही धूर्त माणूस या साध्याभोळ्या लोकांत झटपट श्रीमंत होतो, अशी थट्टा ल्युसियन करतो. त्या विधवांच्या प्रेमाबद्दल आपल्याला अभिमान वाटावा. पण त्यांच्या प्रेमाला थोड्या चौकशीची जोड असती, तर तीच भाकर खऱ्या गरजू कैद्याच्या मुखी पडली असती.

उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, असे प्रभूने सांगितले ना, असे कोणी विचारील. ती शिकवण देणाऱ्याच्या बडेजावाविरुद्ध आहे. घेणाऱ्याने हिशेब देऊ नये, असा तिचा अर्थ नाही.

म्हणून देण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारू या. संस्थेची नोंदणी कुठे आहे? महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. गेल्या वर्षीचा तपासलेला हिशेब दाखवाल का? कोणत्या तुरुंगात काम करता आणि तिथल्या अधीक्षकांची परवानगी आहे का? परवानगीशिवाय आत सेवा करता येत नाही. दंडासाठी वा जामिनासाठी पैसे हवे असतील, तर भरलेल्या रकमेची सरकारी पावती असते, ती पाहावी. वकिलाच्या फीबद्दल हेही ठाऊक असावे की, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीला सरकारतर्फे मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा 15100 या क्रमांकावर विचारणा करता येते. प्रामाणिक सेवक अशा प्रश्नांनी रागावत नाही. मात्र शंका आली म्हणून कोणाला चारचौघांत चोर ठरवू नये. धर्मगुरूंच्या कानावर घालावे.

पण बंधू-भगिनींनो, दुसरा धोका याहून मोठा आहे. काही जण फसवतात म्हणून आपण मूठ घट्ट मिटली, तर शिक्षा भोगेल तो कैदी. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांपैकी 4,34,302 जण, म्हणजे शंभरातील सुमारे 76, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आत राहणारे गरीब असतात. त्यांच्या नावाने कोणी पैसा खाल्ला, तर आपले शंभर-दोनशे रुपये जातात, पण त्यांची सुटका लांबते. खरा लुबाडला जातो तो कैदी. म्हणूनच हिशेब विचारणे हा त्याच्यावरील प्रेमाचाच भाग आहे.

आणि सर्वात खात्रीचे दान म्हणजे स्वतः जाणे. न्यायाच्या दिवशी प्रभू पावती मागणार नाही, भेटीला आलात का, हे विचारणार आहे. सर्वांना तुरुंगात जाता येणार नाही. पण 1981 साली केरळात सुरू झालेल्या ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’चे स्वयंसेवक देशभर ही सेवा करतात, त्यांना हातभार लावता येईल. मुलाखतीच्या दिवशी मुलाला भेटायला निघालेल्या आईला गाडीभाडे देता येईल. कैद्याच्या लेकरांची शाळेची फी भरता येईल. सुटून आलेल्याला काम देता येईल आणि त्याच्या घरच्यांशी मिस्सानंतर दोन शब्द बोलता येतील. यासाठी कोणत्याही पावतीपुस्तकाची गरज नाही.

हे प्रभू, तूही बांधला गेलास, तुझ्यावरही खटला चालला. आमचे हात उदार ठेव आणि आमचे डोळे उघडे ठेव. आमेन.