दिलेलं फुकट, मागितलेलं फुकट

'फुकट' या शब्दाला आपल्याकडे फारसा मान नाही. 'फुकट ते पौष्टिक' असं म्हणून आपण हसतो, आणि त्या हसण्यात थोडी लाजही असते. व्यापाऱ्याच्या घरात तर हा शब्द जास्तच खटकतो. आम्ही तारिहाळला राहतो. आजूबाजूला कारखाने, वर्कशॉप, मालाचे ट्रक. इथं प्रत्येक वस्तूबरोबर बिल येतं. बिल नसलं की माणूस आधी विचारतो, "यात गोम काय आहे?" त्यामुळे कुणी खरोखरच पैसे न घेता काही दिलं, तर ते घ्यावं कसं, हे आम्हाला चटकन उमगत नाही.

फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार मी मुंबईत भाचीकडे काढला. काळा घोड्याचा कला महोत्सव चालू होता. १९९९ साली सुरू झालेला हा महोत्सव नऊ दिवस चालतो आणि त्याला तिकीट नसतं. रस्त्यावर मांडलेली शिल्पं, कुठं नाच, कुठं गाणं. कॉलेजची मुलं, नातवाला खांद्यावर घेतलेले आजोबा, काम आटोपून आलेले वॉचमन, सगळे एकाच गर्दीत. दुसऱ्या दिवशी आम्ही जहांगीर आर्ट गॅलरीत गेलो. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली ही गॅलरी उभी राहिली. तिथंही दारात कुणी अडवलं नाही. मी म्हटलं, "केवढी सोय आहे गं तुमच्या शहरात!" भाची म्हणाली, "मावशी, सोय बघणाऱ्याची. इथं हॉलचं भाडं चित्रकार भरतो. आणि तो मिळायला वर्षानुवर्षं वाट बघतो."

हे ऐकल्यावर भिंतीवरची चित्रं मला निराळी दिसायला लागली. बघणाऱ्याला फुकट, पण दाखवणाऱ्याला नाही. म्हणजे बिल होतंच, फक्त ते माझ्या हातात आलं नव्हतं.

मग आमच्याकडचंच उदाहरण आठवलं. हुबळीपासून वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ आहे, सवाई गंधर्वांचं गाव. त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या नाडगीर वाड्यात दरवर्षी रात्रभर गाणं होतं. तिकीट नाही, जाजमावर जागा मिळेल तिथं बसायचं. याच गुरूच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ पासून पुण्यात महोत्सव चालवला. तिथं तिकीट काढावं लागतं. गुरू एकच, परंपरा एकच, पण एकीकडे तिकीट आहे आणि दुसरीकडे नाही. म्हणून कुंदगोळचं गाणं स्वस्त होतं का? गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला शिकायला जायच्या. भीमसेन गुरूच्या घरी राहून पाणी भरायचे. आपण जाजमावर बसून जे ऐकतो, त्याची किंमत कुणीतरी आगगाडीच्या फेऱ्यांत आणि पाण्याच्या घागरींत आधीच चुकवलेली असते.

मग आपण काय द्यायचं? काही जण म्हणतात, आपलं लक्ष द्यावं, गप्प बसावं, मोबाईल खाली ठेवावा, अर्ध्यातून उठू नये. मला हे पटतं, पण पुरतं पटत नाही. कारण लक्ष हीच फी ठरवली, तर दिवसभर हमाली करून आलेला आणि मागच्या खांबाला टेकून पेंगणारा माणूस फीचुकवा ठरेल. दार उघडं ठेवलंय ते त्याच्यासाठीच की! दान देणारा देताना घेणाऱ्याची परीक्षा घेत नाही. ते गाणं त्याचं आहे, झोपेत ऐकलं तरी त्याचं आहे.

घेणाऱ्यानं मात्र स्वतःला एक प्रश्न विचारावा. आम्हा जैनांकडे चोरीची व्याख्या मोठी कडक आहे. कुलूप फोडणं तर चोरी आहेच, पण जे दिलेलं नाही ते घेणं हीसुद्धा चोरीच. त्याला अदत्तादान म्हणतात. मला वाटतं, फुकट या शब्दाचे दोन भाग इथंच पडतात. एक दिलेलं फुकट. कलाकारानं, वाड्याच्या मालकानं, देणगीदारानं आपण होऊन पुढं केलेलं. ते संकोच न करता, दोन्ही हातांनी घ्यावं. दुसरं मागितलेलं फुकट. आणि ते आपण रोज मागतो.

लग्नाच्या हॉलमध्ये मांडववाल्याला, आचाऱ्याला, फोटोवाल्याला ठरलेले पैसे मिळतात. पण पाच-सात वर्षं गाणं शिकलेल्या पोरीला म्हणतात, "बाळ, दोन गाणी म्हण की, तेवढीच तुझी प्रॅक्टिस." गावातल्या तबल्याच्या मास्तरांना कार्यक्रमाला बोलावतात आणि हातात नारळ देतात. चित्र काढणाऱ्याला सांगतात, "आमच्या दिवाणखान्यात लावू, चार लोक बघतील." त्यांनी काही देऊ केलेलं नसतं. नाही म्हणता येत नाही, म्हणून ते देतात. हेच लोक मुंबईहून आल्यावर तिथल्या फुकट मैफलींचं कौतुक करतात आणि इथल्या नव्या गवयाचं शंभर रुपयांचं तिकीट महाग म्हणतात.

मोठ्या शहरातल्या खुल्या मैफलीचं खरं मोल मला यात दिसतं. ज्याच्या खिशात नाही, त्याला ती गाणं देते. ज्याच्या खिशात आहे, त्यालाही देते, पण त्याच्यावर एक जबाबदारी टाकते. वाड्यातलं गाणं ऐकून त्यानं वाड्याचं देणं फेडायचं नाही, ते फिटणारही नाही. त्यानं आपल्या गल्लीतल्या मास्तरांची बिदागी आधी विचारायची, आणि घासाघीस न करता द्यायची.

आता आमच्या घरी कार्य ठरलं की मांडव, आचारी, फुलं या यादीत मी गाणाऱ्याचं नावही लिहिते आणि पुढं रक्कम टाकते. घरातले पुरुष विचारतात, "ती तर ओळखीची आहे, पैसे घेईल का?" मी म्हणते, "घेणं न घेणं तिच्याकडं. आपण पाकीट तयार ठेवायचं."