कॅबिनेट कशाचं करावं?

घरी संगणक जुळवायचा तर जवळजवळ सगळं विकतच आणावं लागतं. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड यांतलं काहीच माणसाच्या हातानं घरी होण्यासारखं नाही. या वस्तू जिथे तयार होतात तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पिशव्या भरून सामान आणलं, तरी स्वतः करण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कॅबिनेट. म्हणून ते कशाचं करावं हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

बहुतेकांचा विचार सुरू होतो तो उष्णतेपासून. ॲल्युमिनियम सागवानाच्या सुमारे हजारपट सहज उष्णता वाहून नेतं, तेव्हा ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटमध्ये संगणक थंड राहणार, असा हिशेब मांडला जातो. पण प्रोसेसर कॅबिनेटला कुठे टेकलेला असतो? त्याच्या माथ्यावर त्याचा स्वतःचा हीटसिंक असतो. उष्णता त्यातून हवेत जाते आणि ती हवा पंख्याच्या जोरावर बाहेर पडते. काही बिनपंख्याच्या कॅबिनेटची भिंतच हीटसिंकचं काम करते, तो प्रकार वेगळा. एरवी समोरून गार हवा आत यायला आणि मागून गरम हवा निघून जायला मोकळी वाट ठेवली, की भिंत कशाची आहे यानं फारसं बिघडत नाही. लाकूड पेटेल ही धास्तीही धरू नये. बाहेर पडणारी हवा फार तर ४५-५० अंशांची असते. लाकूड पेट घ्यायला दोन-अडीचशे अंशांच्या पुढे जावं लागतं.

मग निवड कशावरून करायची? माझं मत असं, की ज्या साहित्याचा कारागीर आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, ते साहित्य घ्यावं.

ही रीत जुनीच आहे. १९७६ साली ॲपल-१ हा संगणक बाजारात आला तेव्हा ६६६.६६ डॉलरला मिळायचा तो नुसता जुळवलेला बोर्ड. कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर, पडदा आणि पेटी ज्याची त्यानं बघायची. लोकांनी त्या पेट्या हाताशी जे होतं त्यातून केल्या. काही बोर्ड कोआच्या पेटीत बसले; कोआ हे हवाई बेटांवरचं झाड. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या ॲपल-१ची पेटीही लाकडीच आहे. संगणकाच्या इतिहासातलं एवढं मोठं पाऊल कुणाच्या तरी करवतीनं कापलेल्या फळ्यांत बसलेलं आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आपल्याकडे हे कारागीर अजून आहेत. पत्र्याचं काम करणारा फॅब्रिकेटर आहे. २० गेजचा पत्रा तो कापून, वाकवून, पावडर कोटिंग करून देईल. ॲक्रिलिक लेझरवर कापून देणारी दुकानंही सापडतात. ॲक्रिलिक दिसतं सुंदर, पण कोरड्या फडक्यानं पुसलं की चरे पडतात, धूळ ओढून घेतं, आणि स्क्रू जरा जास्त आवळला की भोकाभोवती बारीक तडा जातो. एमडीएफ स्वस्त आणि सपाट असतं. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र त्याच्या उघड्या कडा पाणी पितात आणि फुगतात. एकदा फुगलेली कड परत बसत नाही, म्हणून किनाऱ्याजवळच्या घरात मी एमडीएफ सुचवणार नाही.

सागवानाची गोष्टच निराळी. त्याच्यात अंगचं तेल असतं, दमट हवा ते बऱ्यापैकी सोसतं. जुन्या दाराखिडक्यांची, वर्षानुवर्षं मुरलेली फळी मिळाली तर फारच उत्तम. सुतार तिच्यावर रंधा मारतो तेव्हा वरचा काळपट थर निघून जातो, आतून मधाच्या रंगाच्या रेषा उघड्या पडतात आणि खोलीभर तो कडसर वास पसरतो. बाजूची रुंद फळी चांगला सुतार चारही बाजूंनी गोंदानं जखडत नाही. चौकटीला खाच पाडून तिच्यात तो फळी सैल बसवतो, कारण ती आषाढात आडवी फुगणार आणि उन्हाळ्यात आक्रसणार हे त्याला ठाऊक असतं. मदरबोर्ड त्यानं कधी हातात धरलेला नसेल, पण हे ज्ञान कुठल्याही मदरबोर्डच्या पुस्तिकेत छापलेलं नाही.

लाकडाला दोन गोष्टी मात्र जमत नाहीत. धातूची पेटी आतल्या सर्किटचा रेडिओ गोंगाट बऱ्याच अंशी आतच अडवते आणि अर्थिंगला आधार देते. लाकूड दोन्ही करत नाही. म्हणून बाहेर सागवान आणि आत ॲल्युमिनियमचा ट्रे, ही जोडी मला सर्वांत पटते. बोर्ड ट्रेवर पितळी स्टँडऑफवर बसवावा आणि पॉवर सप्लायची लोखंडी पेटीही त्याच ट्रेला स्क्रूनं आवळावी. ट्रेला पावडर कोटिंग केलं असेल तर स्क्रू बसतात तेवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून धातू उघडा करावा, कारण त्या रंगातून वीज जात नाही. मग मल्टिमीटरची एक पिन ट्रेला, दुसरी प्लगच्या अर्थच्या पिनेला लावून बीप येतो का ते पाहावं. पॉवर सप्लायची वायर तेव्हा भिंतीच्या सॉकेटमध्ये नसावी.

मापं आपण द्यायची, तीही तोंडी न देता कागदावर. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, १२० मिलिमीटरच्या पंख्याची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत १०५, कार्डांच्या खाचा २०.३२ मिलिमीटरवर. सुताराला सूत-इंचाची सवय असेल तर बोर्डच त्याच्याकडे न्यावा, पुठ्ठ्यावर ठेवून भोकांच्या खुणा दोघांनी मिळून कराव्यात, आणि त्या पुठ्ठ्यावर सगळं जुळल्याशिवाय फळीला करवत लावू नये.