रक्तातील दाहाची साक्ष

चढण चढताना किंवा जेवून लगेच चालू लागले असता छातीत आवळून येणारी, आणि माणूस जागच्या जागी थांबताच ओसरणारी जी कळ विल्यम हेबर्डेन या वैद्याने 1768 साली लंडनच्या वैद्यसभेपुढे वर्णिली, तिच्या कारणाचा शोध पुढे अडीच शतके चालला. आणि त्या शोधात एक विचार असा आहे की जो फार लवकर मांडला गेला, त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे दप्तरी पडून राहिला, आणि अखेरीस रक्ताच्या एका तपासणीमुळे त्याची फेरसुनावणी झाली. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचा विकार हा मूलतः दाहाचा विकार आहे, असा तो विचार.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिर्को या जर्मन पंडिताने तो ठामपणे मांडला. रोहिणीच्या अस्तराखाली दिसणारा मेद हा केवळ साचलेला गाळ नव्हे, तेथे आधी दाह असतो, असे त्याचे म्हणणे होते. उलट व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीच्या मते रक्तातील द्रव्येच प्रथम भिंतीवर बसतात. पुढे 1913 साली रशियात अनिच्कोव्हने सशांना सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल विरघळवून चारले आणि त्यांच्या रोहिण्यांत तसेच थर निर्माण करून दाखविले, तेव्हा साऱ्यांचे लक्ष मेदाकडे वळले ते वळलेच. वस्तुतः त्या थरांत मेद गिळून फुगलेल्या पेशी अनिच्कोव्हला स्वतःलाच दिसल्या होत्या. मेद आणि दाह हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हेत, याची खूण त्या सशांच्या रोहिण्यांतच होती. ती वाचली गेली नाही, याची हळहळ वाटते.

दाहाचा पुरावा आला तो भलत्याच दालनातून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन आढळले, त्यालाच आज आपण सीआरपी म्हणतो. शरीरात कोठेही दाह पेटला की इंटरल्यूकिन-6 या द्रव्याच्या हुकमाने यकृत ते तयार करते. 1994 साली रोमच्या लिउत्सो, मासेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयशूळाच्या रुग्णांत ते मोजले. श्रमानेच कळ येणाऱ्या 32 स्थिर रुग्णांपैकी सुमारे 13 टक्क्यांत ते लिटरमागे 3 मिलिग्रॅम वा अधिक भरले, तर विश्रांतीतही कळ येणाऱ्या 31 अस्थिर रुग्णांपैकी 65 टक्क्यांत. या अस्थिर रुग्णांच्या हृदयस्नायूला इजा झाल्याचा दाखला रक्तात नव्हता; म्हणजे दाह हा स्नायू मेल्याचा परिणाम, असे म्हणून ही गोष्ट निकालात काढता येईना. रुग्णसंख्या लहान असूनही या अभ्यासाचे मोल मला फार मोठे वाटते ते याचसाठी.

मात्र साक्षीदारालाच आरोपी समजण्याची चूक होण्याचा संभव होता. जन्मजात जनुकांमुळे ज्यांचे सीआरपी आयुष्यभर थोडे अधिक असते, त्यांना हृद्रोग अधिक होतो असे आढळले नाही. उलट इंटरल्यूकिन-6 चा संदेश ज्यांच्यात जन्मतः क्षीण असतो, त्यांना तो कमी होतो. दोष प्रथिनाचा नव्हे, त्याला हुकूम सोडणाऱ्या साखळीचा होता. 2017 साली, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या 10,061 रुग्णांवर याच साखळीतील इंटरल्यूकिन-1 बीटाला रोखणाऱ्या औषधाचा प्रयोग झाला. कोलेस्टेरॉल जागचे हलले नाही, तरीही मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात व हृद्रोगाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी घटले. फिर्कोच्या बाजूने यापेक्षा स्वच्छ पुरावा तोवर मिळाला नव्हता. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यूही त्या औषधाने वाढले, कारण दाह हीच शरीराची संरक्षणाची तजवीज आहे.

त्यानंतर दाह शमविणारे दुसरे एक औषध, मेथोट्रेक्सेट, अशाच प्रयोगात निष्फळ ठरले. संधिवाताच्या एका प्रकारावरील जुने औषध कोल्चिसिन रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन 2019 व 2020 सालच्या मोठ्या प्रयोगांत लाभ दिसला, तर 2024 साली झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या प्रयोगात तो दिसला नाही. तेव्हा कोणता दाह, कोणत्या रुग्णाचा आणि कोणत्या घटकेचा, हा प्रश्न खुला आहे. हेच कोल्चिसिन पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर पानांच्या टोकांच्या तणाव्यांनी चढणाऱ्या, तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले धरणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत असते. उपकारक मात्रा आणि प्राणघातक मात्रा यांत येथे अंतर थोडे आहे. म्हणून वाचकांस विनंती, की छातीच्या कळीवर या कंदाचा घरगुती प्रयोग कोणीही करू नये, आणि विश्रांतीतही कळ येऊ लागली तर सीआरपीच्या आकड्याची वाट न पाहता तात्काळ रुग्णालय गाठावे.