तीन दिवस भिजवलेले तांदूळ

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मला अनारसे करायची हौस आली. आत्याला फोन लावला. तिने सांगितलं ते मी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं: तीन दिवस भिजवलेले तांदूळ घे, बारीक कुटून चाळ, तेवढाच किसलेला गूळ घालून मळ. फोन केला तो धनत्रयोदशीच्या सकाळी. गूळ किसून तयार, खसखस काढून ठेवलेली आणि तांदूळ डब्यात कोरडे ठणठणीत.

आत्याचं काही चुकलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर तिच्या घरात तांदूळ भिजलेलेच असायचे. रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी निथळून सावलीत पंचावर पसरायचे, जरा दमट असतानाच कुटायचे आणि मळलेला गोळा पुन्हा चार-पाच दिवस मुरू द्यायचा, हे सगळं तिच्या लेखी 'करणं' नव्हतंच. करणं म्हणजे तुपात सोडणं. आठवडाभराचं काम तिने एका विशेषणात घातलं आणि माझ्या हातात दिलं. त्या वर्षी आम्ही बाजारचे अनारसे खाल्ले.

मी 22 वर्षं टेक्निकल रायटिंगच्या धंद्यात आहे. आधी यंत्रांच्या माहितीपुस्तिका, मग सॉफ्टवेअर. नवी मुलं भेटतात तेव्हा विचारतात, कोणता कोर्स करू, कोणतं टूल शिकू, इंग्रजी साहित्याची पदवी चालेल की इंजिनिअरच लागतो? मी आत्याची गोष्ट सांगते. मुलं हसतात, पण त्यांचा चेहरा म्हणतो की उत्तर काही मिळालं नाही. माझ्या मते उत्तर तेच आहे. माहीतगार माणसाच्या विशेषणात दडून बसलेलं काम शोधायचं, बाहेर काढायचं आणि क्रियापदात मांडायचं. या धंद्यात पैसे मिळतात ते त्याचे.

शाळेत 'धातुसाधित' नावाचं एक प्रकरण असायचं, आठवत असेल. भिजवलेले, जोडलेला, नोंदवलेलं. क्रियापदाला विशेषणाचा अंगरखा घातला की त्यातला कर्ता नाहीसा होतो, वेळ नाहीसा होतो, आणि काम झालंच आहे असा भास तेवढा उरतो. कथाकाराला ही सोय फार उपयोगी. 'थकलेला माणूस' म्हटलं की तो कशाने थकला हे वाचक मनाशी रचतो. आमच्या वाचकाला रचायला सवड नसते. तो पुस्तिका वाचायला बसलेला नसतो, अडला म्हणून आलेला असतो.

सॉफ्टवेअरमधलं नेहमीचं वाक्य घ्या: 'आवश्यक परवानग्या दिलेल्या खात्याने लॉगिन करा.' वाक्य शुद्ध आहे, खरंही आहे. पण परवानग्या देणारा माणूस दुसऱ्या विभागात बसतो, त्याला आधी विनंती टाकावी लागते, विनंतीत कोणत्या परवानग्या मागायच्या ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि तो शुक्रवारी दुपारी तीनला निघून जातो. हे सगळं 'दिलेल्या' या एका शब्दाच्या पोटात आहे.

मला हे कळलं ते मात्र पाण्याच्या पंपावर. पहिली नोकरी भोसरीत, पंप करणाऱ्या एका कंपनीत होती. मराठी पुस्तिका माझ्याकडे होती. 'सुरुवात' या मथळ्याखाली मी लिहिलं, 'पाणी भरलेल्या पंपाची मोटर सुरू करा.' डिझाइनच्या साहेबांनी वाचलं, सही केली, पुस्तिका छापून खोक्यात गेली. सेंट्रिफ्युगल पंपाच्या पोटात आणि सक्शनच्या पाइपात पाणी नसेल तर इम्पेलर नुसती हवा घुसळतो, विहिरीतलं पाणी वर येत नाही. शिवाय मेकॅनिकल सीलची एकमेकांवर घासणारी तोंडं थंड राहतात ती त्याच पाण्यामुळे. ते नसलं तर ती बघता बघता तापतात.

तीन महिन्यांनी आमच्या सर्व्हिसच्या फिटरकाकांनी एक जळकं सील माझ्या टेबलावर आणून ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, काळं पडलेलं, एका कडेला तडा गेलेला. म्हणाले, "मॅडम, पाणी भरा असं तुम्ही कुठंच लिहिलं नाही. पाणी भरलेल्या असं लिहिलंय."

इतकं नेमकं व्याकरण मला कोणी शिकवलं नव्हतं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या शेतकऱ्याने आदल्या दिवशी पंपात पाणी भरलं होतं. फूटव्हॉल्व्ह गळका होता, रात्रीत पाणी विहिरीत उतरून गेलं. म्हणजे 'भरलेला' हे आदल्या संध्याकाळी खरं होतं आणि सकाळी खोटं. विशेषण वाक्यात एकदा बसलं की बसलं, ते कधीपर्यंत खरं राहील हे सांगत नाही. दुसऱ्या आवृत्तीत मी लिहिलं: 'एअर कॉक उघडा. फनेलमधून पाणी ओता. कॉकमधून बुडबुडे न येता सलग पाणी येऊ लागलं की कॉक बंद करा. आता मोटर सुरू करा. दर वेळी सुरू करण्याआधी हे तपासा.' साहेब म्हणाले, केवढं लांबवलंस! एका ओळीच्या पाच झाल्या होत्या, तक्रार खरीच होती.

विमानांच्या देखभालीत तर याची शिस्तच बांधलेली आहे. युरोपातल्या विमान उद्योगाने 1986 मध्ये देखभालीच्या पुस्तिकांसाठी आखीव इंग्रजीची पहिली नियमावली काढली. आज ती एएसडी-एसटीई 100 या नावाने चालते. शब्दकोश साधारण 900 शब्दांचा, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, आणि कृती सांगणारं वाक्य 20 शब्दांच्या आत. 'क्लोज' म्हणजे फक्त बंद करणे, 'जवळ' या अर्थाने तो शब्द वापरायचाच नाही. आपल्याकडे अशी नियमावली झाली तर पहिली बैठक 'बंद' या शब्दावरच मोडेल. मोटर बंद आहे, म्हणजे कोणी बंद केली, आपोआप ट्रिप झाली की बिघडली?

मराठीला ही दृष्टी परकी आहे असं मात्र नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' या नावाचा आहे. हस्तलिखित पोथी कशी लिहावी याची ती कामाची पुस्तिकाच आहे: अक्षर वाटोळं आणि मोकळं हवं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटायला हवं, बरू कसे निवडावेत. मला त्यात सर्वांत आवडते ती समासाची सूचना. म्हणजे कागदाच्या कडेच्या समासाची. चहूबाजूंनी जागा सोडा, का, तर पुढे कागद झिजला तरी तो कडेने झिजेल, अक्षर जाणार नाही. 'योग्य समास सोडलेला कागद घ्या' म्हणून समर्थ मोकळे झाले नाहीत. काय करायचं ते सांगितलं आणि कशासाठी तेही. कारण कळलं की किती जागा सोडायची हे लिहिणारा आपलं आपण ठरवतो.

तर हे दडलेलं काम सापडतं कसं? विचारून सापडत नाही. आत्याला मी शंभर प्रश्न विचारले असते तरी तिने भिजवण्याचं सांगितलं नसतं, कारण ते तिला दिसतच नव्हतं. इंजिनिअरचंही तसंच. 'समजावून सांगा' म्हटलं की तो फळ्यावर चौकोन काढतो, चौकोनांना बाण जोडतो, आणि सगळं सुरळीत दिसतं. 'माझ्यासमोर करून दाखवा' म्हटलं की खरं बाहेर येतं. त्या वेळी तोंडाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. बोलता बोलता तो एक खिडकी उघडतो, दोन ओळी टाइप करतो, खिडकी मिटतो. "हे काय केलंत?" "ते काही नाही, ते असंच." ते असंच म्हणजेच भिजवलेले तांदूळ. वहीत पहिली नोंद त्याची.

दुसरा उपाय कोरं मशीन. इंजिनिअरच्या लॅपटॉपवर सगळं चालतं, कारण तो लॅपटॉप चार वर्षं भिजत पडलेला असतो. ज्यावर काहीच घातलेलं नाही अशा मशीनवर स्वतः पहिल्या पायरीपासून करत जायचं आणि जिथे अडू तिथे थांबून लिहायचं. अडण्याची लाज वाटून चालत नाही. बैठकीत 'एवढंही माहीत नाही?' अशी नजर पहिल्या वर्षी फार टोचते. दुसऱ्या वर्षी लक्षात येतं की तो प्रश्न खोलीतल्या आणखी तिघांना पडला होता आणि ते माना डोलावत होते.

खरी अडचण पाचव्या-सहाव्या वर्षी येते, आणि तिच्याबद्दल कोणी सावध करत नाही. एकाच उत्पादनावर राहून आपण जाणकार होतो. पगार वाढतो, नावापुढे 'सीनियर' लागतं, आणि आपलीच आत्या होते. आता आपली विशेषणं आपल्याला दिसत नाहीत. काहीजण दर तीन वर्षांनी उत्पादन बदलतात, काही नोकरीच बदलतात. मी नव्या माणसाला पान देऊन शेजारी बसते, गप्प. हे गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही, जीभ वळवळते. पण तोंड उघडलं की पान नापास, कारण ग्राहकाच्या शेजारी मी बसलेली नसते.

मुलांच्या टूलच्या प्रश्नाचं लवकर आटोपते. फ्रेममेकर असो, डिटा असो की मार्कडाउन आणि गिट, कोणतंही टूल दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, या तिढ्यावर ओपन सोर्स प्रकल्प हा बरा उतारा. त्यांची इन्स्टॉल करण्याची पानं बहुधा आत्यांनीच लिहिलेली असतात. कोऱ्या मशीनवर करून बघा, अडाल तिथे दुरुस्ती पाठवा. मुलाखतीत मी बायोडेटाआधी अशी एक दुरुस्ती बघायला मागते.

धंद्याचे दिवस बरे आहेत असं मी म्हणणार नाही. 1953 पासूनची परंपरा सांगणारी अमेरिकेतली टेक्निकल लेखकांची संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी 2025 मध्ये बंद झाली. एआय सफाईदार परिच्छेद क्षणात देतो आणि ते पाहून वरचे लोक विचारतात, तुम्ही कशाला? मीही एआय रोज वापरते. 'आवश्यक परवानग्या दिलेल्या खात्याने' हे वाक्य तो माझ्यापेक्षा सुबक लिहितो, आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. शिवाय आता आमची पानं माणसांआधी चॅटबॉट वाचतात. तो पानातला एखादाच परिच्छेद उचलून ग्राहकापुढे ठेवतो. तांदूळ भिजवायचे हे वरच्या परिच्छेदात राहिलं तर ते तिथेच राहतं.

आणि समाधान? पुस्तिकेवर आमचं नाव नसतं, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. एकदा एका पानातल्या नऊ पायऱ्यांपैकी चार पायऱ्या का लागतात ते मी विचारत सुटले. शेवटी डेव्हलपरने स्क्रीनच बदलला, चारही पायऱ्या गेल्या. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मात्र 'लिहिलेली पानं' असा रकाना होता. न लिहिलेल्यांचा नव्हता.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगी नव्याने रुजू झाली. तिला मी माझंच पान दिलं, सहा वर्षं जुनं, माझ्या मते निर्दोष. शेजारी बसले. पहिल्या दोन पायऱ्या सरसर झाल्या. तिसरीवर तिचा हात माउसवर थबकला. 'नोंदणी केलेल्या उपकरणावर ॲप उघडा.' तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

"नोंदणी केलेल्या," ती वाचत म्हणाली. "कोणी केलेल्या?"

नोंदणीचा फॉर्म शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. मंजुरी आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला.