काल्याचा न्याय

सप्ताहाची सांगता काल्याने होते. गोपाळांच्या शिदोऱ्या निरनिराळ्या, प्रसाद मात्र सर्वांस सारखा. हा न्याय शेतात कसा चालावा, असे असोद्याचे शेतकरी आम्हांस पुसतील. तर बाबांनो, आपल्याच खानदेशात पाहू या.

पांझरेकाठी शेकडो वर्षे फडपद्धती चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या. पाणी ज्याचे त्याने घ्यायचे नाही, पाटकऱ्याने द्यायचे. त्याची मजुरी धान्याच्या रूपाने, म्हणून सर्वांचे पीक पिकले तरच त्याचे पोट भरे. नदी आटली की भिजवायचे फडही कमी करायचे. तूट सर्वांच्या वाट्यास येई. नियम नदीबरोबर वाकला, म्हणून एकी मोडली नाही.

पुढे विहिरी आल्या, पंप आले. ज्याचे त्यास पाणी मिळाल्यावर पाटातला गाळ काढावयास कोण येणार? पुष्कळ फड मोडले. आज जळगावकडच्या केळीच्या पट्ट्यात विहिरी खोल खोल चालल्या आहेत.

म्हणून आम्ही विनवितो, गावाने मिळून पाण्याचे काम काढाल तेव्हा लाभाची वाटणी मागाहून करा. पाणी तुटले तर कोणी किती सोसायचे, हे आधी ठरवा. काला तेथेच होतो.