बत्तीस घरांची मूर्ती

प्रतिमा आणि ती ज्याची प्रतिमा तो, या दोहोंमधील नाते कोणते, हा प्रश्न देवळाच्या पायरीवर वाढलेल्या माणसास नवा नाही. पार्थिव गणपतीची माती चतुर्थीच्या आदल्या दिवशी केवळ माती असते, प्राणप्रतिष्ठेनंतर तिच्यात देव असतो, आणि उत्तरपूजा झाली की ती पुन्हा माती होते. हे आपण बालपणापासून पाहत आलो आहोत, आणि त्यात काही विसंगती आहे असे आपणांस कधी वाटलेले नाही. परंतु हाच प्रश्न एके दिवशी छापखान्यातील संगणकाच्या पडद्यावर, आणि तोही चिमटीत मावेल एवढ्या आकारात, आमच्यापुढे उभा राहील अशी कल्पना आम्हांस नव्हती.

ही गोष्ट १९९३ सालची. गोव्यातील एका देवस्थानच्या जत्रोत्सवाची स्मरणिका काढण्याचे काम आमच्याकडे आले होते, आणि ज्या छापखान्यात ती जुळवली जात होती तेथे काळ्यापांढऱ्या पडद्याचा एक मॅकिंटॉश होता. त्या यंत्राचा पडदा म्हणजे जणू एक मेज. त्यावर कागद, कागदांचे फोल्डर, आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात कचऱ्याची टोपली, अशी लहान लहान चित्रे असत. त्यांस आयकॉन म्हणत. एरवी सर्व फोल्डरांचे रूप एकच, आणि प्रत्येक लेखास तो ज्या प्रोग्राममध्ये लिहिला गेला त्याचे चित्र, कुळाच्या निशाणासारखे, आपोआप मिळे. मात्र १९९१ साली आलेल्या ‘सिस्टिम सेव्हन’ने वापरणाऱ्यास एक स्वातंत्र्य दिले होते. फोल्डर निवडावा, ‘गेट इन्फो’ची चौकट उघडावी, तिच्यातील लहानग्या चित्रावर बोट ठेवावे आणि आपण काढलेले चित्र तेथे चिकटवावे, तेव्हापासून तो फोल्डर मेजावर त्याच रूपात वावरे. हे नवे चित्र त्या फोल्डरच्याच पोटात एका अदृश्य फाइलीत जाऊन बसे, हे आम्हांस पुढे कळले.

जुळणी करणारा तरुण हौशी होता. स्मरणिकेच्या फोल्डरासाठी त्याने देवीचा मुखवटा काढला. आयकॉनचे क्षेत्र आडवी बत्तीस आणि उभी बत्तीस घरे, म्हणजे एकंदर १०२४ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा. एवढ्या संकोचात त्याने मुकुट, नथ आणि कपाळावरील मळवट बसवला होता. डोळ्यांस प्रत्येकी दोनच ठिपके आले होते. पण एक ठिपका सरकवला तर देवी रागावलेली दिसे आणि परत आणला तर प्रसन्न. त्या एका ठिपक्यापायी त्याने अर्धी दुपार घालवली, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी देवस्थानचे एक वृद्ध महाजन मुद्रिते पाहावयास आले. पडद्यावरील मुखवटा पाहताच त्यांचे हात आपसूक जोडले गेले. मग त्यांनी चष्मा सारखा केला, मेजावरील इतर वस्तू एकेक करून विचारून घेतल्या, आणि कोपऱ्यातील टोपलीवर बोट ठेवून म्हणाले, “आणि जत्रा झाल्यावर हे सगळे कुठे जाते रे?”

तरुण गप्प झाला. जत्रा झाल्यावर तो फोल्डर त्या टोपलीत जाणार होता, कारण डिस्कवर जागा कमी असे.

खरे सांगावयाचे तर आम्हांस प्रथम हसू आले. ज्या ठिपक्यांवर कोणी मंत्र म्हटला नाही, पाणी शिंपडले नाही, त्यांस कसले देवत्व आणि कसली विटंबना? परंतु घरी परतताना ध्यानात आले की, लग्नपत्रिकेवरील गणपतीवरही कोणी मंत्र म्हटलेला नसतो. तरीही कार्य उरकल्यावर ती पत्रिका केराच्या सुपात टाकताना आपल्या घरातील बाई घुटमळते. जुन्या कॅलेंडरावरील दत्तगुरू निर्माल्याबरोबर जातात, रद्दीबरोबर जात नाहीत. तिचे हे घुटमळणे अज्ञान आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. प्रतिष्ठेवाचूनही चित्राशी वागण्याची काही रीत असते, हे तिला ठाऊक आहे; केवळ ती रीत कोठून येते, हे ती सांगू शकणार नाही.

येथे शब्दाचा इतिहास आमच्या मदतीस येतो, आणि तो मोठा विलक्षण आहे. संगणकावरील चित्रास ‘आयकॉन’ हे नाव डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधातून रूढ झाले. ते त्यांनी घेतले ते पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाच्या पूजेतील संतप्रतिमांवरून, कारण त्या पंथात प्रतिमा ही नुसते चित्र नसून तिच्यात मूळ व्यक्तीचे गुण वसतात अशी श्रद्धा आहे. प्रबंधाचे नाव ‘पिग्मॅलियन’. ज्याने घडवलेल्या पुतळ्यात देवतेने प्राण घातला, तो हा ग्रीक कथेतील मूर्तिकार. म्हणजे आमच्या महाजनांनी जो प्रश्न विचारला तो या शब्दाच्या जन्मापासूनच त्याच्या पदरी बांधलेला होता. पुढे १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचे यंत्र विक्रीस आणले, त्याच्या रचनाकारांत स्मिथ होते, आणि मेज, कागद, फोल्डर यांचा हा संसार तेथून जगात पसरला.

ज्या पंथाकडून हा शब्द आला त्याने प्रतिमांवरून फार रक्त आटवले आहे. बायझंटाइन साम्राज्यात आठव्या शतकात प्रतिमा फोडल्या गेल्या, आणि सन ७८७ मध्ये निकाया येथील धर्मसभेने असा निर्णय दिला की, प्रतिमेस दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो मूळ व्यक्तीकडे जातो. निर्णय उदार आहे. पण मान जर पलीकडे पोहोचत असेल तर अवमान वाटेतच थांबतो, असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

मॅकिंटॉशच्या पडद्यावर तर काहीच वाटेत थांबत नाही. आयकॉन उचलला की लेख उचलला जातो, तो दुसऱ्या फोल्डरात सोडला की लेख तेथे जातो, आणि टोपलीत टाकून टोपली रिकामी केली की लेख नष्ट होतो. चित्र आणि वस्तू यांत तेथे भेद ठेवलेला नाही. ज्यास केवळ खूण हवी असेल त्याच्यासाठी ‘एलियस’ नावाची वेगळी सोय त्याच ‘सिस्टिम सेव्हन’ने केली, तिचे नाव तिरप्या अक्षरांत दिसे, आणि ती टाकली तरी मूळ वस्तूस धक्का लागत नसे. खूण आणि मूर्ती यांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

आता मुख्य मुद्दा. त्या मुखवट्याची प्रतिमेये दोन होती. तो ज्याच्यासारखा दिसत होता ती देवी, हे एक. आणि तो ज्याच्या जागी उभा होता तो जाहिरातींचा, वर्गणीच्या यादीचा आणि मुद्रितांचा फोल्डर, हे दुसरे. मूळच्या आयकॉनांत ही दोन एकच असतात: फोल्डराचे चित्र फोल्डरासारखे दिसते आणि फोल्डराच्याच जागी असते, म्हणून त्याच्याशी कसेही वागले तरी कोणाचे मन दुखावत नाही. आपण आपल्या आवडीचे चित्र तेथे चिकटवतो त्या क्षणी मात्र ती दोन वेगळी होतात. हात वागतो फोल्डराशी, डोळा पाहतो देवीला. ज्यांनी त्या काळी हौसेने मुलाचे किंवा आईचे चित्र फोल्डरास लावले असेल, त्यांस हे देवाधर्मावाचूनही उमगेल. जुनी पत्रे टाकून द्यावयाची, आणि टोपलीकडे ओढत न्यावयाचा तो आईचा चेहरा.

आमच्याकडे ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात प्रतीकाचा विचार आला आहे, आणि त्यावरील भाष्यात आचार्यांनी एक लौकिक दाखला दिला आहे. सारथ्यास राजा मानावे, त्यात त्याचा उत्कर्ष आहे. राजास सारथी मानू नये, त्यात राजाचा अपकर्ष आहे. थोराची दृष्टी लहानावर ठेवावी, लहानाची थोरावर ठेवू नये. या कसोटीवर त्या तरुणाचे कृत्य निर्दोष ठरते. वर्गणीच्या यादीवर त्याने देवीची दृष्टी ठेवली. सकाळी यंत्र सुरू करून त्या कामास हात घालताना तो किंचित सावरून बसे, हा उत्कर्षच. पण फोल्डर टोपलीकडे निघाला की हीच दृष्टी उलटी फिरते, आणि राजास घोडे हाकावे लागतात. दोष चित्र काढण्यात नव्हता. ते चित्र पुढे कोणकोणत्या व्यवहारांतून जाणार आहे हे न पाहता ते काढण्यात होता.

थोर कारागीरही यातून सुटलेले नाहीत. १९८४ च्या जानेवारीत मॅकिंटॉश बाजारात आला तेव्हा त्याची चित्रे सुझन करे या बाईंनी काढली होती. कलेच्या इतिहासात त्या डॉक्टर. चौकटींच्या वहीत एकेक घर भरून त्यांनी हसऱ्या यंत्राचे, मनगटी घड्याळाचे, बाँबचे चित्र सिद्ध केले, आणि त्या वह्या आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत. यंत्र बिघडले म्हणजे दिसणारा तो बाँब सामान्य माणसास कधी दिसणारच नाही, असे त्यांस सांगण्यात आले होते. तो पुष्कळांना दिसला, आणि यंत्राचा खरोखरीच स्फोट होईल अशी धास्ती घेणारेही निघाले. टोपलीचे उदाहरण याहून चमत्कारिक आहे. यंत्रातून फ्लॉपी बाहेर काढण्याची एक रूढ रीत म्हणजे तिचे चित्र कचऱ्याच्या टोपलीत नेऊन टाकणे. काही पुसले जात नसे, फ्लॉपी सुखरूप बाहेर येई. पण नवख्या माणसाचा हात प्रत्येक वेळी थरथरे. ज्या चित्राने ‘येथे नाश आहे’ असे सांगितले, त्याच्याच हाती सुटकेचे काम दिले. २००१ साली आलेल्या नव्या प्रणालीत फ्लॉपी किंवा डिस्क ओढताच टोपलीचे रूप पालटून बाहेर काढण्याची खूण दिसू लागली. म्हणजे चूक कबूल करावयास सतरा वर्षे लागली.

त्याच कंपनीत सफरचंदाच्या मुद्रेवरून घडलेला प्रसंगही ध्यानात घेण्याजोगा आहे. आज्ञांच्या याद्यांत जागोजागी तीच मुद्रा छापलेली पाहून कंपनीचे संस्थापक स्टीव्ह जॉब्ज संतापले, आणि देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये या बायबलातील आज्ञेच्या थाटात त्यांनी ती काढावयास लावली. तिच्या जागी करेबाईंनी चिन्हांच्या कोशातून चार कानांच्या फुलासारखी एक खूण शोधून काढली. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळे दाखवण्यासाठी ती वापरतात. व्यापारी मुद्रेविषयीही मालकास इतके सोवळे वाटते, तर आमच्या महाजनांना वाटले त्यात नवल ते काय?

त्या दिवशी तोड काढली ती त्या तरुणानेच. तो म्हणाला, “काका, फोल्डर टाकण्याआधी मी चित्र काढून घेईन. गेट इन्फोमध्ये जाऊन ‘कट’ म्हटले की हा पुन्हा साधा फोल्डर. मग टाकू.” महाजन क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे उत्तरपूजा. चालेल. पण आठवण कोण ठेवील?” त्यावर आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, आम्ही ठेवू.

आम्ही ती ठेवली नाही. जत्रा होऊन तीन आठवडे झाले होते, दिवाळी अंकाची पाने डिस्कवर मावत नव्हती, तो तरुण रजेवर होता आणि यंत्रापुढे आम्ही बसलो होतो. एका पाठोपाठ सात-आठ फोल्डर टोपलीत लोटले. त्यांतला एक तो होता. टोपली फुगलेली दिसली तेव्हा आम्हांस वचन आठवले. टोपली अजून रिकामी केलेली नव्हती. ती उघडून पाहिली तो आत, सरलेल्या अंकांच्या रद्दीत, मुखवटा जसाच्या तसा. त्या दोन-दोन ठिपक्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरे वाटले असते.

फोल्डर बाहेर काढला, ‘गेट इन्फो’ उघडले, चित्रावर बोट ठेवून ‘कट’ म्हटले. साधा फोल्डर उरला, तो टाकला आणि टोपली रिकामी केली. यास उत्तरपूजा म्हणावे की केवळ मनाची समजूत, याचा निवाडा आम्ही आजतागायत करू शकलेलो नाही. महाजनांना हे सांगावे असे अनेकदा मनात आले. ते राहूनच गेले, आणि आता ते नाहीत. कापलेले चित्र मात्र लगेच गेले नव्हते. क्लिपबोर्डवर ते अदृश्य रूपाने काही वेळ तसेच होते, आणि ‘पेस्ट’ म्हणून आम्ही ते दुसरीकडे जपूनही ठेवू शकलो असतो. ते न सुचून आम्ही छपाईच्या हिशेबातला एक आकडा उचलला, आणि त्याच्या जागी तो आकडा आला.