नाव, तारीख आणि गाव

दुसऱ्या महायुद्धातले जर्मन पदक नुसते हातात घेतले, तर ते मुके असते. आयर्न क्रॉस लाखोंनी वाटले गेले. हातातला कोणाच्या छातीवर होता, हे धातू सांगत नाही. कागद सांगतो. जखमी सैनिकाच्या बिल्ल्याचे प्रमाणपत्र म्हणजे वहीच्या पानाएवढा छापील फॉर्म. टाइपरायटरने भरलेला हुद्दा, नाव, तुकडी. जखम झाली ती तारीख. आणि कितव्यांदा, तो आकडा. एक-दोन जखमांना काळा बिल्ला, तीन-चारांना रुपेरी, पुढे सोनेरी. खाली अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का.

असले कागद जपावेत का? शिक्क्यावरच्या गरुडाच्या पायातले नाझी चिन्ह पाहून अनेकांना शिसारी येते, आणि यायलाच हवी. तरीही जपावेत, असे मी ठामपणे म्हणतो. एप्रिल १९४५मध्ये पॉट्सडॅमवर बॉम्ब पडले, त्यात तिथले लष्करी अभिलेखागार जळाले आणि भूदलाचे फार मोठे दप्तर गेले. सैनिक सतत जवळ बाळगत तो ‘झोल्डबूख’, म्हणजे पगाराचे व ओळखीचे पुस्तक, आणि घरच्या पेटीत राहिलेली प्रमाणपत्रे, हाच कित्येकांचा उरलेला माग आहे.

म्हणून मला खरी चीड येते ती संच फोडण्याची. एका माणसाचे पुस्तक, चार प्रमाणपत्रे, इस्पितळातल्या नोंदी बाजारात एकत्र येतात आणि वेगवेगळ्या विकल्या जातात, कारण सुटे विकून पैसा जास्त मिळतो. एकदा पांगलेले कागद पुन्हा जुळत नाहीत. बनावट कागदाने निदान संग्राहकाचेच नुकसान होते, आणि तो पुष्कळदा अतिनील दिव्याखाली पकडता येतो: युद्धानंतरच्या कागदात उजळपणासाठी घातलेली रसायने निळसर चमकतात. संच फोडला की पुरावाच मरतो.

आणि हा पुरावा एकट्या जर्मनांचा नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोरच्या फळीतल्या एखाद्या जर्मन शिपायाच्या प्रमाणपत्रावर तीच तारीख असेल, तर तो कागद आपल्याही इतिहासाचा आहे.

पण सगळेच कागद समोरासमोरच्या लढाईचे नसतात. ३० जानेवारी १९४४ला ‘टोळ्यांविरुद्धच्या लढाई’चा बिल्ला सुरू झाला. टोळ्या म्हणजे पार्टिझन, गनिमी लढवय्ये, असे अधिकृत म्हणणे. लढाईच्या वीस दिवसांना कांस्य, पन्नासांना रौप्य, शंभरांना सुवर्ण. प्रत्यक्षात असल्या मोहिमांत, बिल्ला सुरू होण्याआधीपासूनच, बेलारूसमधली गावेच्या गावे माणसांसकट जाळली गेली. तिथल्या खातिन गावात २२ मार्च १९४३ रोजी १४९ जण मारले गेले, त्यांत ७५ मुले होती. हा बिल्ला दुर्मीळ, म्हणून त्याचे प्रमाणपत्र महाग. जर्मनीतले विक्रेते सूचीतल्या छायाचित्रात कायद्यापायी नाझी चिन्ह झाकतात. पण त्या मोजलेल्या दिवसांत कोणत्या गावाचे काय झाले, हे शोधायचे बंधन कोणावर नाही. ते संग्राहकाने स्वतःवर घालून घ्यावे. तुकडीचे नाव हाती आहे, सही केल्याची तारीख आहे. त्या काळात ती तुकडी कुठे होती हे शोधावे, आणि सापडलेल्या गावाचे नाव, मेलेल्यांच्या आकड्यासह, प्रमाणपत्राच्याच पाकिटात लिहून ठेवावे.